कपाटवाल्यांना खाली न्यायचंय

लिफ्ट बंद पडली तेव्हा बारकीला वाटलं होतं, दोन-चार दिवसांचा खेळ आहे. मालक म्हणाला, मोटर जळलीय, नवी येतेय. मग म्हणाला, मोटर आली पण दोर झिजलेत. मग तो फोनच उचलेनासा झाला. खालच्या मजल्यांवरच्यांचं लिफ्टवाचून काही अडत नव्हतं आणि वरच्यांची तरणी पोरं दोन-दोन पायऱ्या गाळत पळायची. अडत होतं ते एकट्या पाचव्या मजल्यावरच्या कपाटवाल्यांचं.

कपाटवाले म्हणजे बारकीचे बाबा. उभा जन्म त्यांनी लोकांचं घरसामान हलवण्यात घालवला. लोखंडी कपाटं, पलंग, फ्रीज, शिवणयंत्रं. पाठीवर पट्टा टाकून अरुंद जिन्यातून असं सामान न्यायचे की भिंतीला ओरखडा उठायचा नाही. या इमारतीतल्या निम्म्या घरांतली कपाटं त्यांनीच वर चढवलेली. माणूस आडवातिडवा, आवाज ढोलासारखा, आणि कुणाच्या ओंजळीनं पाणी प्यायचं नाही हे ब्रीद. अशा माणसाची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन मशीनवर रक्त स्वच्छ करून घ्यायचं, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस सुखरूप. पायांतली ताकद गेली. सुया टोचण्यासाठी डाव्या हाताची शीर जोडून ठेवलेली, त्या हातावर भार द्यायचा नाही अशी ताकीद होती. पाणीसुद्धा मापात. घसा कोरडा पडला की बर्फाचा खडा चोखायचा आणि गप्प बसायचं. त्यातलं बर्फ चोखणं त्यांना जमलं, गप्प बसणं नाही.

बारकी ही त्यांची थोरली. चाळिशी उलटली तरी नाव बारकीच राहिलं, कारण बापाची अंगकाठी तिच्या वाट्याला आली नव्हती. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत कामाला होती. पाण्याच्या धारेखाली काचेची कड चाकावर घासायची, फ्रेम गरम करून काच आत बसवायची, टकटक करून बघायची. लग्न जमलं नाही, याचं दुःख मानावं की सुख, हे तिचं तिलाही ठरवता आलेलं नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ दूरदेशी होता, आणि तिथून रोज सकाळी न चुकता फोनवर निरोप बोलून ठेवायचा.

सुरुवातीला माणसं धावून आली, हे खरं. घरातल्या हातांच्या खुर्चीला दोन बांबू बांधले आणि चौघांनी उचलली. चौथ्या मजल्यावरचे दोघे भाऊ, दुसऱ्यावरचा बसड्रायव्हर आणि तिसऱ्यावरचा किल्लीवाला. किल्लीवाल्याचं तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून दुकान होतं, कुलपं दुरुस्त करायचं, किल्ल्या घासून द्यायचं. बारकी पिशवी घेऊन मागून उतरायची आणि प्रत्येक मजल्यावर म्हणायची, फार उपकार झाले हो. परत येताना पुन्हा तेच. मग तिला कळलं की आभार हेही एक काम असतं, आणि ते न थकता करावं लागतं. भेटेल तिथे हसायचं. चौथ्यावरच्या भावांच्या आईच्या चष्म्याची काडी फुकट बसवून द्यायची. ड्रायव्हरच्या बायकोचं गाऱ्हाणं जिन्यात उभं राहून ऐकायचं, वर दूध उतू जात असलं तरी. मान तुकवून तुकवून तिची मान दुखायला लागली.

बाबांनी मात्र एकदाही आभार मानले नाहीत. उलट खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. "वळणावर वरच्यानं खाली वाकायचं असतं. खालच्यानं नाही. कपाट असं धरलं असतंत तर मुडदा पाडला असता मी." बारकी खालच्या आवाजात म्हणायची, बाबा, पुरे. ते म्हणायचे, चुकीचं धरलंय ते चुकीचं धरलंय. घरी आल्यावर तिनं एकदा विचारलंच, की एवढी माणसं कामं सोडून येतात, दोन गोड शब्द बोलायला काय होतं? ते म्हणाले, "मी यांची कपाटं चढवली तेव्हा हमाली घेतली होती. यांनीपण घ्यावी. फुकट उचलतात म्हणून मला मान खाली घालून बसावं लागतं."

हमाली द्यायला घरात काही नव्हतं. भाड्यानं माणसं आणून बघितली, तर बारकीचा निम्मा पगार जिन्यातच सांडायला लागला. तळमजल्यावर घर घ्यायचं म्हटलं तर ते स्वप्नातसुद्धा परवडणारं नव्हतं.

आणि मग, सगळ्याच गोष्टींचं होतं तसं झालं. चौथ्यावरच्या एका भावाची कामाची पाळी बदलली. दुसऱ्याला नेमकं त्याच वेळी बाहेर जावं लागायला लागलं. ड्रायव्हर येत होता, पण दार उघडायला वेळ लावायचा. जिन्यात खुर्चीचा आवाज झाला की आतल्या टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा, हे बारकीच्या लक्षात आलं. घरात माणूस आहे आणि तो श्वास धरून बसलाय, हे बंद दारातूनसुद्धा कळतं. ती कुणाला दोष देत नव्हती. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही टीव्ही बारीक केला असता. हेच तिला जास्त लागायचं.

किल्लीवाला तेवढा टिकून होता. अबोल माणूस, मान खाली घालून उचलायचा. एके दिवशी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याच्या हातातून बांबू निसटला आणि खुर्ची कलली. बाबा भिंतीवर आदळले. काही लागलं नाही, पण ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तू किल्ल्याच घासत बस बाबा. माणूस उचलणं तुझ्या बोटांचं काम नाही." किल्लीवाल्यानं खुर्ची खाली पोचवली, हात झटकले आणि दुकानात गेला. त्यानंतर तो आला नाही. बारकीनं दोनदा दुकानासमोरून जाताना आत बघितलं. तो मान वर करत नव्हता. तिनं मनाशी म्हटलं, झालं, होता तो एक माणूसही बाबांनी तोडला.

आता उरली ती दोघं.

बाबांनीच युक्ती काढली. पायरीवर बसायचं, उजवा हात टेकायचा आणि बूड खालच्या पायरीवर सरकवायचं. रांगती मुलं उतरतात तसं. बारकी खाली उलटी उभी राहून त्यांचे पाय एकेक पायरी खाली ठेवायची. डावा हात गळ्यात बांधलेला. दर मजल्यावर थांबायचं, दम खायचा. येणारे-जाणारे भिंतीला चिकटून वाट काढायचे, काहीजण "जरा" म्हणत बाबांच्या अंगावरून पाय टाकून जायचे. ज्या माणसाला बघून लोक जिन्यात आधी बाजूला व्हायचे, तो आता पायरीवर धूळ झाडत बसलेला. बारकी नजर पायांवरून वर उचलायची नाही. बाबांचा चेहरा बघायची तिची छाती नव्हती.

पहिल्याच दिवशी दवाखान्यात पोचायला एवढा उशीर झाला की त्यांची मशीन दुसऱ्याला दिली होती. नर्स म्हणाली, वेळेवर यायला काय होतं तुम्हाला? बारकीनं ऐकून घेतलं. सांगायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि रडलं की लोक आणखी चिडतात, हा अनुभव होता. शेवटी एका कोपऱ्यातली मशीन मिळाली. परतीचा जिना तर उतरण्याहून वाईट. उलटं बसून, एका हाताच्या जोरावर, एवढं धूड वरच्या पायरीवर उचलायचं. चौथ्या मजल्यावर बाबा म्हणाले, इथंच झोपतो. ती म्हणाली, झोपा मग. दोघं खूप वेळ तिथंच बसून राहिली, भांडल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दुकानात चाकावर धरलेली काच तिच्या हातून फुटली. जाड नंबरची, मागवून घेतलेली. मालकीण वाईट नव्हती, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बारके, दुःख मलाही कळतं. पण गिऱ्हाइकाला काच लागते." याचा अर्थ न कळण्याएवढी बारकी भोळी नव्हती.

आणि त्याच सकाळी भावाचा आवाज फोनवर आला होता. तो तिकडे कुठल्याशा मंडळात जायला लागला होता. म्हणाला, ताई, आयुष्याबद्दल कृतज्ञ राहायला शिक, सगळं बदलतं बघ. रोज तीन चांगल्या गोष्टी आठवायच्या. कितीही वाईट दिवस असला तरी तीन सापडतातच. त्याचा आवाज इतका मायेचा होता की तिला रागही धड येईना. पुढच्या खेपेला बाबांना उतरवताना तिनं खरोखर प्रयत्न केला. जिन्याला खिडकी आहे, वारा येतो, ही एक. दुसरीसाठी दोन मजले गेले आणि काही सापडलं नाही. खाली पोचल्यावर तिनं भावाला फोन लावला आणि म्हणाली, "तू ये आणि बाबांना एकदा खाली ने. ती दुसरी. आणि वर आण, ती तिसरी."  तो म्हणाला, सुट्टी मिळत नाही गं. तेही खोटं नव्हतं.

असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी बारकी बाबांचे मोजे घेऊन आली तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"आज नाही जायचं," ते म्हणाले.

तिनं आधी समजावलं, मग रागावली, मग हात जोडले. त्यांनी तोंड वळवलं नाही. तो दिवस गेला. पुढच्या वेळीही तेच. पाय सुजून खांबासारखे झाले, डोळ्यांखाली पाणी साठलं, आडवं झालं की धाप लागायची म्हणून रात्रभर उशांना टेकून बसायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आणखी एक खेप चुकली तर मी काहीच सांगू शकत नाही. कसंही करून आणा. 'कसंही करून' हे शब्द बारकीनं बराच वेळ तोंडात घोळवले.

तिसऱ्या वेळी तिनं विचारलंसुद्धा नाही. डबा भरला, त्यांच्या उशाशी भात आणि अंडं ठेवलं आणि कामावर निघून गेली. दार ओढून घेतलं तेव्हा कुलपाचा आवाज झाला, आणि एक विचार इतका शांतपणे तिच्या मनात आला, जणू पावसाळी ढग नाहीत म्हणून छत्री घरी ठेवावी. सुटतील. दोघांचीही सुटका होईल.

दुकानात त्या दिवशी तिचा हात विलक्षण स्थिर होता. काच चाकावर फिरत होती, पाणी पडत होतं, आणि ती मनातल्या मनात सगळं उरकत होती. कुणाकुणाला कळवायचं. भावाला यायला किती वेळ लागेल. बाबांचा पलंग कुणाला द्यायचा, खिडकीखालची जागा मोकळी झाली की तिथं काय ठेवायचं. तिथं आपण झोपायचं. उशिरापर्यंत झोपायचं, कुणी हाक मारणार नाही. यानंतर जिना नुसता जिना राहील, हा विचार आला आणि तिला चक्क बरं वाटलं. काच पुरी झाली. तिनं ती उजेडात धरली, कड बघितली, अगदी साफ. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की गेला तासभर आपण बापाचं मरण आवडीनं सजवत बसलोय.

तिनं काच ठेवली. मालकिणीला काही न सांगता, कामाचा अंगरखा अंगावर तसाच ठेवून ती रस्त्यावर आली आणि पळत सुटली. चाळिशीतली बाई रस्त्यातून पळताना कशी दिसते याचा विचार करायची ती वेळ नव्हती. पाच मजले ती कशी चढली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. एवढंच आठवायचं की प्रत्येक वळणावर तिनं देवाला, भिंतीला, ज्याला कुणाला ऐकू जाईल त्याला सांगितलं होतं, मी तसं म्हटलं नव्हतं. आणि प्रत्येक वळणावर तिला माहीत होतं की म्हटलं होतं. किल्ली कुलपात बसेना. दार उघडलं तेव्हा घर शांत होतं.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. ओठ निळसर, खांदे भात्यासारखे वरखाली होत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं. एकेका शब्दाला श्वास घेत ते म्हणाले, "बर्फाचा ट्रे रिकामा ठेवून गेलीस. सकाळपासून घसा जळतोय. डोकं ठिकाणावर असतं का तुझं?"

बारकी दारातच खाली बसली. बापाची आयुष्यभराची बोलणी तिनं खाल्ली होती, पण असं बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. ते कानात शिरलं आणि पार पोटापर्यंत गेलं. हा माणूस अजून आपल्यावर चिडतोय. बर्फ नाही म्हणून चिडतोय. कुणी तिला सगळं जग देतो म्हटलं असतं तरी तिनं ते बोलणं बदल्यात दिलं नसतं. ती इतकी रडली की बाबांना आपला राग विसरावा लागला.

"काय झालं?" ते म्हणाले. "कामावरून काढलं?"

ती मानेनं नाही म्हणाली. शेजारच्या खोलीत नळाचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "बाबा, सकाळी मला वाटलं, तुम्ही जावं."

 बाबांना बोलायला दम जमवावा लागत होता.

"मलापण तेच वाटत होतं," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत तुझं-माझं पहिल्यांदाच एकमत झालं."

ती रडता रडता हसली, आणि तेही हसायला गेले तर धाप लागली. धाप बसल्यावर ते म्हणाले, "पण आता बसवेना गं. पाण्यात बुडाल्यासारखं होतंय. असं नाही मरवत मला. ने कुठं न्यायचं ते."

आता मात्र सरकत उतरण्याएवढा त्यांच्यात जीवच नव्हता. बारकी दारोदार फिरली. चौथ्या मजल्यावर कुणी उघडलं नाही, आत कुकर वाजत होता. मग ती किल्लीवाल्याच्या दाराशी गेली. एरवी त्या अपमानानंतर ती तिथं गेली नसती. त्या दिवशी तिच्याकडे लाज उरली नव्हती.

दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"वहिनी, बाबांचं फार वाईट आहे. दादांना सांगा, बाबा बोलले त्याची मी माफी मागते. मी तुमचे उपकार जन्मभर—"

"उपकार नको," वहिनी म्हणाली. तिनं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली. "बघ."

किल्लीवाला आत बाजेवर बसला होता. उजवा हात पोटाशी धरलेला, खांदा एका बाजूला ओघळलेला. बारकी आली म्हणून त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि तोंड वाकडं करून पुन्हा बसला.

वहिनी सांगत होती आणि बारकी ऐकत होती. बांबू निसटला तो उगाच नव्हता. त्याच्या खूप आधीपासून खांदा दुखत होता, तरी हा रोज उचलायला जायचा. त्या दिवशी आत काहीतरी फाटलं. आता सदरा घालायला मी लागते, किल्ली घासायला बसला की घामाघूम होतो. दुकानात कुणाला कळू देत नाही, हात गेलेल्या किल्लीवाल्याकडे कोण येईल? तुला सांगू दिलं नाही. "आणि तू रोज दारावरून जाताना म्हणायचीस, फार उपकार झाले हो, फार उपकार झाले. मला वाटायचं, बाहेर येऊन तुझं तोंड दाबावं. तुझ्या आभारानं त्याचा खांदा भरून येणार होता का?"

 माफी मागायला ती आली होती, आणि ज्यासाठी मागायची ते निघालं भलतंच. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. जावं तर वर बाप गुदमरतोय, थांबावं तर कुठल्या तोंडानं? ती नुसती उभी राहिली. वहिनीही उभी होती. दोघींपैकी कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

मग वहिनीनं बाह्या वर सारल्या. "पाय कोण धरणार?" तिनं विचारलं.

बाबांनी त्या दोघींना बघितलं, एक काडीसारखी आणि एक ठेंगणी, जाडसर, आणि डोळे मिटले. पण डोळे मिटूनच त्यांनी सांगायला सुरुवात केली. माझा जुना पट्टा काखेतून घे. गाठ पाठीवर नको, बाजूला. मागच्यानं उचलायचं नाही, नुसतं मागे झुकायचं, वजन आपलं आपण उतरतं. बारके, तू गुडघ्याखालून धर. या खेपेला कुणी त्यांना गप्प बसा म्हणालं नाही. वहिनी मागे झुकली, बारकीनं पाय धरले आणि ते धूड एक पायरी उतरलं. मग आणखी एक.

किल्लीवाला पुढे चालत होता. डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा, प्रत्येक दारावर तो आपटत होता. विनवणी नाही, काही नाही. "कपाटवाल्यांना खाली न्यायचंय," एवढंच म्हणायचा आणि पुढच्या दाराकडे जायचा. काही दारं उघडली नाहीत. एक उघडून पुन्हा लागलं. दुसऱ्या मजल्यावर ड्रायव्हर बाहेर आला, जेवणाचा हात तसाच. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, हात पँटला पुसला आणि बारकीच्या हातातून पाय घेतले.

त्या मजल्यावर दम खायला थांबले तेव्हा बाबांची नजर किल्लीवाल्याच्या लोंबत्या खांद्यावर गेली. आयुष्यभर त्यांनी हमालांचे खांदे बघितले होते. त्यांना सांगावं लागलं नाही.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"मला बोलायचंस."

"बोललो असतो तर तुम्ही खुर्चीत बसला नसतात, काका."

बाबांनी मान खाली घातली.  मग खालच्या मानेनंच ते म्हणाले, की हात असा लटकता ठेवायचा नाही, कोपरापासून बांधून वर घ्यायचा, आणि हाडाच्या डॉक्टरला दाखव, शेकत बसू नकोस, आमचा एक गडी शेकत बसला आणि हात गमावून बसला. आभार नाही मानले त्यांनी. पण त्यांच्या आवाजातला ढोल त्या दिवशी कुठंतरी फाटला होता.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं तेव्हा डॉक्टरीणबाई बारकीकडे बघून नुसती मान हलवत राहिल्या. मशीन सुरू झाली. बारकी आणि वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या.  खूप वेळानं वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, की आमच्या तळमजल्यावरच्या दुकानाच्या मागच्या बाजूला एक बाज मावते. मागच्या बोळात संडास आहे. उकडतं फार. हा कधीपासून म्हणत होता, काकांना तिथं ठेवू या. मीच नको म्हणत होते.

बारकीनं तिच्याकडे वळून बघितलं.

"अजूनही माझा नकारच आहे," वहिनी म्हणाली. "पण तू रोज दार वाजवणार, त्यापेक्षा ते बरं."

त्या संध्याकाळी बाबा वर गेलेच नाहीत. ते पुन्हा कधी पाचव्या मजल्यावर गेले नाहीत.

यानं सगळं नीट झालं असं कुणी समजू नये. दुकानाच्या मागच्या वाढीव पत्र्याखाली इतकं तापायचं की बाबांचा बर्फ वाटीत नेईपर्यंत पाणी व्हायचा. किल्ली घासायच्या यंत्राचा आवाज त्यांच्या डोक्यात जायचा, आणि लोखंडाचा कीस अंथरुणात यायचा. किल्लीवाल्याच्या खांद्याला डॉक्टरनं वेळ लागेल म्हणून सांगितलं, पूर्वीसारखा होईल असं सांगितलं नाही. जड कुलपं उघडायची असली की वहिनी येऊन बसायची आणि नवरा शेजारून सांगायचा. मालकिणीनं बारकीला ठेवलं, पण निम्म्या दिवसावर. भाऊ आला, चार दिवस राहिला, बापाला बघून रडला आणि गेला. लिफ्ट तशीच बंद होती. बाबांची तब्येत उतरणीला लागली होती, आणि उतार किती लांब आहे हे दवाखान्यात कुणी बोलत नव्हतं. बारकीला रोज सकाळी दुकानाचं शटर उघडताना भीती वाटायची. पण आतून आवाज यायचा, उशीर केलास म्हणून. मग ती शटर पूर्ण वर करायची.

संध्याकाळी बाबांचं आवरून ती घरी जायला निघायची. पाणी ती त्यांच्यासमोर कधी प्यायची नाही. ज्याला घोटभर मिळत नाही त्याच्यापुढे भांडं तोंडाला लावायचं कसं? त्यामुळे दिवसभर तिचाही घसा कोरडाच असायचा, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जीभ टाळूला चिकटायची.

एका संध्याकाळी किल्लीवाल्याचं दार उघडं होतं. वहिनी आत कणीक मळत होती. तिनं बारकीला कठड्याला धरून उभी राहिलेली बघितलं, हात धुतले, तांब्याभर पाणी आणून तिच्या हातात दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

बारकी प्यायली. गार पाणी, गळ्यापासून खाली उतरताना कळत होतं. तिनं श्वास घेतला, पुन्हा तोंडाला लावलं, शेवटच्या थेंबापर्यंत. आपला घसा पाणी मागतो आणि ते आत जातं, आणि अंग ते मुकाट्यानं घेतं, याचं तिला त्या क्षणी इतकं नवल वाटलं की डोळे भरून आले. खाली बाप तहानलेला होता, हेही त्याच क्षणी मनात होतं. एकानं दुसरं पुसलं जात नव्हतं.

तिनं रिकामा तांब्या परत दिला. तोंडापर्यंत आलेला उपकाराचा शब्द तिनं गिळला.

"आणखी?" वहिनीनं विचारलं.

"हो," बारकी म्हणाली.